कराराविना नातेवाइकाच्या घरी : हक्क किती, मर्यादा कोणत्या?

प्रतिनिधी

शिक्षणासाठी गावाहून आलेला भाचा मामाच्या ठाण्यातील फ्लॅटमध्ये राहू लागतो. नोकरी लागते, लग्न होते, मुले शाळेत जाऊ लागतात. मामा-मामी दरम्यान मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले असतात. वीस वर्षांत भाड्याचा विषय कुणी काढलेला नसतो. विजेचे बिल आणि सोसायटीची देणी मात्र भाचाच भरतो. मग इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होते आणि एका संध्याकाळी मामेभावाचा फोन येतो, ‘दिवाळीपर्यंत घर मोकळे करून दे.’ उदाहरण काल्पनिक असले तरी प्रसंग शहरवासीयांना अपरिचित नाही. इतकी वर्षे राहिलो, त्याचा काहीच हक्क नाही का, हा भाच्याचा प्रश्न स्वाभाविक आहे. कायद्याचे उत्तर मात्र त्याला दिलासा देणारे नाही.

भाडेकरू की परवानगीने राहणारा?

भाडे न घेता, केवळ नात्यापोटी राहू दिलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे भाडेकरू ठरत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ नुसार ती मालकाच्या परवानगीने राहणारी, म्हणजे ‘लायसेन्सी’ असते. कलम ६० नुसार ही परवानगी मालक काढून घेऊ शकतो. राहणाऱ्याने त्या परवानगीच्या भरवशावर स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर मात्र ती रद्द करता येत नाही. रंगरंगोटी वा किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही. मालकाने घर विकले, तर नवा मालक जुन्या परवानगीने बांधला जात नाही, असे कलम ५९ सांगते. वीजबिल आणि देखभाल खर्च भरणे म्हणजे भाडे देणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

बारा वर्षांचा गैरसमज

‘बारा वर्षे राहिले की घर आपले’ हा समज सर्वत्र आढळतो. मुदतीच्या कायद्यातील बारा वर्षांची तरतूद मालकाचा हक्क उघडपणे नाकारून ठेवलेल्या ताब्याला लागू होते. परवानगीने मिळालेला ताबा केवळ वर्षे लोटल्याने तसा बनत नाही. गोव्यातील एका बहीण-भावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केले. घर बहिणीच्या मालकीचे होते आणि ताब्याच्या संरक्षणासाठी भावाने दावा लावला होता. विनामोबदला राहणाऱ्या नातेवाइकाला, कितीही काळ राहिला तरी, मालमत्तेत हक्क मिळत नाही, असे सांगून न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल दिला.

एका रात्रीत बाहेर काढता येते का?

नाही. परवानगी रद्द झाल्यावरही जागा सोडण्यासाठी व सामान हलविण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क कलम ६३ देते. त्यानंतरही ताबा मिळाला नाही, तर मालकाने न्यायालयात जावे. मुंबईत असा दावा लघुवाद न्यायालयात चालतो. विनामोबदला राहणाऱ्यालाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निश्चित केले. कुलूप बदलणे किंवा सामान रस्त्यावर टाकणे हा मार्ग नव्हे. मारहाण वा धमकी झाल्यास पोलिसांत तक्रार करता येते. बेकायदा ताबा गेल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करता येतो. परंतु २०१२ च्या निकालानंतर विनामोबदला राहणाऱ्या नातेवाइकाला या कलमाचा आधार फारसा उरलेला नाही.

भाडे दिले असेल तर

दरमहा ठरावीक रक्कम भाडे म्हणून दिली असेल, तर चित्र बदलू शकते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मात्र भाडे दिल्याचा पुरावा हवा. हातात दिलेली रोख रक्कम सिद्ध करणे कठीण असते.

चाळीतील खोलीचा प्रश्न निराळा आहे. तेथे काका स्वतःच भाडेकरू असतात. त्यांच्या निधनसमयी त्यांच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला याच अधिनियमाच्या कलम ७(१५) नुसार भाडेकरूचा दर्जा मिळू शकतो. त्यामुळे तेथे एकत्र वास्तव्याच्या पुराव्याला मोल आहे.

सून, मुलगी आणि वाटा

घर वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेचे असेल, तर हिस्सेदार हा परवानगीने राहणारा नसून सहमालक असतो. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही तो हिस्सा मिळाला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले, तरी ते सामायिक निवास ठरत असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली सुनेला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हा हक्क निवासाचा आहे, मालकीचा नाही.

आजच काय करावे?

संबंध चांगले असतानाच लेखी करार करणे उभयपक्षी हिताचे. मोबदला नाममात्र असला तरी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार नोंदवावा व रक्कम बँकेमार्फत द्यावी. मोठा खर्च करण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी. नोटीस आल्यास तिला लेखी उत्तर द्यावे, पुरेशी मुदत मागावी आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

आपल्याकडे मामाकडे कागद मागणे हा अविश्वास मानला जातो. पण मामाने दिलेला शब्द मामेभावाला बांधत नाही. कागद झाला असता, तर निदान घर किती काळासाठी आपले आहे, हे भाच्याला आधीच कळले असते.