माळावरची बी येते कुठून?

नगर जिल्ह्यात (आता सरकारी कागदावर अहिल्यानगर) कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे गेलं की मोठी झाडं विरळ होत जातात. हिवर, बोर, तरवड, मधूनच नेपतीचं काटेरी झुडूप, आणि बाकी सगळा गवताचा माळ. हे काही वाळवंट नव्हे, पण सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसाने हात आखडता घेतलेला मुलूख आहे. अशा जमिनीत झाड जगतं कसं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. बारीक पानं, काटे, खोल मुळं वगैरे. पण मुळात ते तिथे पोचलं कसं?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने फार गंभीरपणे घेतला होता. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म मालवणचा, १८८४ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता हा माणूस हौसेने सह्याद्री पालथा घालायचा, मिळेल तो प्राणी आणि वनस्पती गोळा करायचा. अशाच भटकंतीत १९११च्या सुमारास त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला आणि शास्त्रज्ञांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. पुढे कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१४ साली अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि महायुद्धात तिथेच अडकले. काही काळ तर स्थानबद्धही होते. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि तिचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या रुक्ष आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती. त्यांच्या बिया पसरतात कशा, आणि या वनस्पती मूळच्या कुठल्या.

विषय ऐकायला कोरडा वाटतो खरा. पण नगरच्या माळावर उभं राहून बघा. गोखरूचा काटा मेंढीच्या खुरात रुतून पुढच्या गावाला जातो. रुईची म्हातारी वाऱ्यावर निघते. बोराची बी कोल्ह्याच्या पोटातून प्रवास करते. कुसळाची शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि असं करत बी जमिनीत घुसवते. एकेका बीची एकेक युक्ती!

आणि हे ठाऊक नसलं की काय होतं, तेही याच माळावर दिसतं. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती १८७७च्या सुमारास आणली गेली. सरपण होईल, उजाड जमीन हिरवी होईल, हा हेतू चांगलाच होता. पण तिच्या शेंगा गोड, शेळ्या-गुरं आवडीने खातात, आणि टणक बी न पचता लेंडीतून, शेणातून बाहेर पडते. वर आयतं खत. आता ती ओढ्याकाठी, गायरानात, रस्त्याकडेला पसरली आहे आणि काढता निघत नाही.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला हौशी मंडळी उत्साहाने जातात, आणि ते चांगलंच आहे. कर्जत तालुक्यात काळविटांसाठी रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली झालं, त्याचंही कौतुक आहे. पण काळवीट ज्यावर जगतं ते गवत मोजायला कोण जातं? कागदावर असा माळ 'पडीक' ठरतो, मग तिथे कुणी खड्डे खणून भलतीच झाडं लावतं, नाहीतर नांगर फिरतो. काय होतं याची नोंदच नसेल, तर काय गेलं हे तरी कसं कळणार?

या नोंदीला प्रयोगशाळा लागत नाही. एक ठरलेला तुकडा, एक वही, आणि दरवर्षी त्याच महिन्यात तिथे जाण्याची चिकाटी. काय उगवलं, कशाला फूल आलं, वेड्या बाभळीची रोपं किती वाढली, एवढं दहा वर्षं लिहिलं तर अभ्यासकाला ते सोन्यासारखं.

आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा घेतली आणि १९६०मध्ये जाईपर्यंत ती बिनपगारी सांभाळली. १९९२पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. पण नावाच्या पाटीपेक्षा मला सुट्टीत डोंगर तुडवणारा तो तरुण मास्तर जास्त जवळचा वाटतो. त्या भटकंतीसाठी त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. तसं पाहिलं तर या कामाला आजही कुणी नेमणार नाही. आपणच जायचं. असो.