वेप्फरने डोळ्यांनी पाहिलेलं

अर्धांगवायूच्या रुग्णाच्या सीटी स्कॅनवर रक्ताचा पांढरा डाग दिसला की मला योहान याकोब वेप्फर हटकून आठवतो. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचा हा वैद्य. मेंदूच्या पोकळ्यांत कफ साचून अर्धांगवायूचा झटका येतो, ही प्राचीन वैद्य गॅलनच्या परंपरेतली त्याच्या काळची समजूत. वेप्फरने झटक्याने दगावलेल्यांची डोकी उघडली, तर आत वाहिनीबाहेर सांडलेलं रक्त! १६५८ च्या ग्रंथात त्याने ते लिहिलं. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या तुंबल्या तरी झटका येऊ शकतो, हेही. पुस्तकी प्रामाण्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवायला त्या काळी मोठी छाती लागत असणार. त्याने नोंदलेल्या याच दोन कारणांपैकी कोणतं, म्हणजे रक्त सांडलंय की गुठळी अडकलीय, हे ठरल्याशिवाय आज मी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देत नाही.