आईने उघडी ठेवलेली शवपेटी

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका बातमीची हकिकत सांगणार आहोत. ती १९५५ सालची. तेव्हा तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते.

शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल सुटीत मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असा आळ त्याच्यावर आला. २८ ऑगस्टच्या रात्री तिचा नवरा आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी त्याला घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि नदीत टाकले.

तिथल्या अधिकाऱ्यांना प्रेत घाईने पुरायचे होते. एमेटच्या आईने, मेमी टिलने, ते शिकागोला आणवले. चेहरा ओळखू येत नव्हता. तरी तिने शवपेटी उघडी ठेवली. आपल्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असे तिचे म्हणणे होते. हजारो लोक आले. काळ्या वाचकांच्या ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्र छापले.

पुढे खटला उभा राहिला. १२ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात दोघांना सोडून दिले. काही महिन्यांनी त्यांनीच पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. पण एकदा सुटल्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

हे सारे एमेटच्या वयाची मुले ऐकत होती. मिसिसिपीतली ॲन मूडी शाळा सांभाळून एका गोऱ्या बाईच्या घरी काम करायची. तिच्या आईने तिला बजावले, तिथे काही माहीत असल्याचे दाखवू नकोस. केवळ काळे असण्यासाठी आपला जीव जाऊ शकतो, हे ॲनला तेव्हा कळले. १९६३ मध्ये जॅक्सन शहरात, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या दुकानात ती जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. जमावाने अंगावर साखर, केचप ओतले. ती हलली नाही.

एका आईने जगाला दाखवले, दुसरीने लेकीला गप्प राहायला सांगितले. दोघींना लेकरांचीच काळजी होती. ॲनच्या आईला आम्ही नावे ठेवणार नाही. भीती खरी होती. पण गप्प बसवल्याने मुलांचे प्रश्न थांबत नाहीत.

आपल्या घरातली मुलेही बातम्या ऐकतात. कुणाला जन्मावरून मारले हे ऐकून ती विचारतील, “का?” तेव्हा मैत्रिणींनो, “तुला काय करायचंय” असे म्हणू नका. जवळ बसवा आणि खरे सांगा.