टकळी, कासव आणि चौसष्ट ठिपके

वर्धा आणि संगणक ही दोन नावे एका दमात घेतली, की ऐकणारा किंचित हसतो. सेवाग्राम-पवनारचा हा मुलूख. इथे यंत्राविषयी बोलायचे ते चरख्याची बाजू घेऊन, अशी आपणा सर्वांची समजूत. त्यातून संगणक चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि तोही पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी, असे म्हटल्यावर तर हसू दाबणेही कठीण. तथापि लहान मुलाच्या हाती साधन द्यायचे ते कशासाठी आणि कशा रीतीने, या प्रश्नाचा जितका कसून विचार वर्ध्यात झाला तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल. तो टकळीच्या निमित्ताने झाला, एवढेच.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम्, आशादेवी अशी मंडळी तीत होती. समितीने डिसेंबर उजाडताच अहवाल हातावेगळा केला. हल्लीच्या समित्यांकडे पाहता ही गती अद्भुतच म्हणायची! या अहवालातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३०, व्यायामाला १० आणि सुट्टी १० मिनिटे. प्रथम वाचताना माणूस दचकतो. ही शाळा की कारखाना? अशी शंका परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी काढली होती. मुलांच्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा, ही स्वावलंबनाची कल्पना त्यांना पटली नव्हती. आणि माझ्या मते त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती.

परंतु अहवाल नीट वाचला की दुसरी बाजू दिसते. आर्थिक अंगावर जास्त भर पडला तर शिक्षणाचे अंग मारले जाईल, असा इशारा समितीनेच देऊन ठेवला आहे. टकळी हे सूत काढण्याचे साधन खरे. पण तिच्याभोवती गणित, भूगोल, भाषा, सारे गुंफायचे होते. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे ६४० तार, २,५६० फूट. सात वर्षांचे पोर हे आकडे फळ्यावरून उतरवून घेत नव्हते, ते त्याच्या बोटांतून निघत होते. सूत तुटले की ते कोणी तांबड्या शाईने खोडत नसे. पेळू पुन्हा जोडायचा आणि पुढे चालायचे. चूक कुठे झाली हे टकळीच सांगे, आणि तेही न रागावता. १९४५ नंतर सेवाग्रामला सात वर्षांखालच्या मुलांसाठीही पूर्वबुनियादी शाळेचा विचार सुरू झाला आणि शांता नारुलकरांनी ते काम वाढविले. तिथे उत्पादनाचा प्रश्नच नव्हता. पाणी भरणे, झाडणे, माती मळणे, रांगोळी काढणे हाच अभ्यास.

आता तीस वर्षे पुढे आणि सात समुद्रांपलीकडे जाऊ. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉयरझाइग, सिमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी संगणकाची एक भाषा तयार केली. तिचे नाव लोगो. हा पेपर्ट जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, १९२८ सालचा. म्हणजे ज्या भूमीत १९१० साली टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी मुलांना शिकविताना श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली, तिथलाच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आला असे मी मुळीच सुचवीत नाही. पेपर्टचे गुरू जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ पियाजे. पण योगायोग म्हणून मला तो गमतीचा वाटतो खरा.

लोगो आरंभी शब्दांशी खेळणारी भाषा होती. थोड्याच वर्षांत तिच्यात कासव आले. जमिनीवर चालणारे खरेखुरे यांत्रिक कासव, पोटाशी लेखणी बांधलेले. ‘पुढे शंभर, उजवीकडे नव्वद’ असे सांगितले की ते चाले आणि मागे रेघ उमटे. ही आज्ञा चार वेळा दिली की चौकोन. चौकोन न जमता भलतेच काही उमटले, तर मूल स्वतः कासव होऊन खोलीत चालून पाही आणि कुठे वळायचे राहिले ते शोधून काढी. पुढे रेडिया पर्लमन या तरुण बाईंनी १९७० नंतरच्या दशकात, अक्षरओळखही नसलेल्या मुलांसाठी बटणांची पेटी आणि खाचांत चित्रांचे पत्ते खोवण्याचे यंत्र बनविले. साडेतीन-चार वर्षांची मुले पत्ते ओळीने लावीत आणि कासव त्या बरहुकूम चाले. (याच बाई पुढे संगणकांची जाळी जोडण्याच्या शास्त्रात नामांकित झाल्या.) पेपर्टने १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक लिहिले. त्यातला कळीचा मुद्दा असा की, बहुतेक ठिकाणी यंत्र मुलाला चालवते. खरे पाहता मुलाने यंत्राला चालवले पाहिजे. याच पुस्तकात आपल्याला गणिताची गोडी लहानपणी खेळलेल्या दातेरी चाकांमुळे लागली, असे तो सांगतो. सेवाग्रामच्या शिक्षकाला हे वाक्य ऐकून काही नवल वाटले नसते!

भारतात शाळांतून संगणक आला तो १९८४-८५ साली, ‘क्लास’ या नावाच्या सरकारी योजनेतून. सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि यंत्र ठरले ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. स्मृती ३२ केबी. आज फोनवरच्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. यंत्र मोठे गुणी. चालू केले की ‘टूं-टीं’ असा आवाज होई आणि काळ्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहत बसे. त्यात ना खेळ, ना चित्र. जे हवे ते तुम्ही करा! पण आपल्याकडे ते आले ‘संगणक-साक्षरते’साठी. योजना मुळात माध्यमिक शाळांची, म्हणून बालवाडीच्या मुलाला तिथे शिरकाव नव्हता. मोठ्यांच्याही वाट्याला यंत्राचे भाग, त्यांची नावे, थोडा वेळ बोटे चालवणे, आणि परदेशात तयार झालेले पाठ आले. भाषा इंग्रजी, लिपी रोमन. मातृभाषेचा आग्रह हा वर्धा योजनेचा पाया होता. तोच इथे निखळला.

अर्थात टकळीचेही तेच झाले होते. ज्यांनी त्या काळी सूतकताईचा तास अनुभवला आहे, त्या आजच्या आजी-आजोबांना विचारा. अनेक शाळांत तो तास टकळी हरवू नये आणि पेळू संपू नये एवढ्याच काळजीत संपे. साधन राहिले, विचार उडाला. लोगोचीही परदेशात पुष्कळ ठिकाणी अशीच गत झाली: मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलेला चौकोन सगळ्या वर्गाने काढायचा!

हे सारे वाचत असता मला हातचाळा सुचला. बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम हल्ली फुकट मिळतात; घरच्या संगणकावर तो काळा पडदा जसाच्या तसा उघडतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जमणाऱ्या मुलांसाठी मी त्यावर रांगोळीचा एक लहानसा प्रोग्राम रचला. वीस-पंचवीस ओळींचा, बस्स. या यंत्रात पडद्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. त्यांतली दुसऱ्या क्रमांकाची मी घेतली. तिच्यात ठिपके जाड येतात, पण रंग सोळा मिळतात: आठ स्थिर, आठ लुकलुकणारे. ही चैन महाग पडते. ३२ केबीपैकी २० केबी एकटा पडदाच खातो. उरलेल्या बारात यंत्राचा स्वतःचा संसार आणि माझा प्रोग्राम. बाणांच्या कळांनी ठिपका सरकतो, आकड्याच्या कळेने रंग बदलतो, लांब कळ दाबली की मागच्या ठिपक्यापासून इथवर रेघ. या यंत्राची एक खोड अशी की, आज्ञा समजली नाही तर ते ‘मिस्टेक’ असा शब्द छापून मोकळे होते. मी एवढी खबरदारी घेतली की, मुलाने कोणतीही कळ दाबली तरी तो शब्द पडद्यावर येऊ नये. भलती कळ दाबली तर काही होत नाही, इतकेच. शाबासकी नाही, गुण नाहीत, टाळ्याही नाहीत.

पाच वर्षांच्या मुलांना लुकलुकणारे रंग सापडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्यांना त्यांनी लगेच ‘पणत्या’ म्हणायला सुरुवात केली. एकाने पडदाभर पणत्याच लावल्या; रेघ म्हणून काढली नाही. मी गप्प राहिलो.

मोठ्यांसाठी, म्हणजे सात-आठ वर्षांच्यांसाठी, दुसरा खेळ होता. या यंत्राचे प्रत्येक अक्षर आठ ओळी आणि आठ रकान्यांत बसते, म्हणजे चौसष्ट ठिपके. मनाजोगते अक्षर घडवायची सोय त्यात आहे: प्रत्येक ओळीला एक आकडा द्यायचा. डावीकडून ठिपक्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १; जे ठिपके पेटवायचे त्यांची बेरीज. सगळी ओळ भरली की २५५, आणि हीच आपली शिरोरेषा! इथे देवनागरीची खरी अडचण कळते. शिरोरेषा पहिल्याच ओळीत घातली तर वेलांटी कुठे काढायची? खाली उतरवावी तर अक्षराला जागा पुरत नाही. त्यातून अशी अक्षरे सहज राखता येतात ती बत्तीस. आपली व्यंजनेच त्याहून अधिक. यासाठी निराळे तंत्र पुढे आपल्या देशातच तयार झाले, ते कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये. मुलांना त्याची गरज नव्हती. त्यांना आपापल्या नावाचे एकच अक्षर हवे होते.

मी पडद्यावर जाळी आखून दिली आणि प्रत्येक ओळीपुढे तिची बेरीज दिसेल असे केले. शेजारची सात वर्षांची मुलगी ‘घ’ घडवीत होती. घडवून झाला, चांगलाच झाला. मग तिने उगीचच वरच्या ओळीतले डावे चार ठिपके विझवले. ओळीपुढचा आकडा २५५ चा १५ झाला. तिने पडद्याकडे पाहिले, मान तिरकी केली आणि ओरडली, ‘‘आजोबा, घ चा ध झाला!’’ मग तिने पुन्हा चार पेटवले, पुन्हा विझवले. घन, धन, घन, धन. बाकीची पोरे भोवती जमली. एकाने विचारले, ‘‘म चा भ होतो का गं?’’ आणि ती सगळी म च्या शिरोरेषेला लागली.