मेद आणि आयुर्मान

काशीच्या रामघाटाच्या पायऱ्या चढून वर आले म्हणजे महाराष्ट्रीय वैदिकांच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या लागतात. जवळच पंचगंगा घाट. तेथे राहणारे त्रैलंगस्वामी १८८७ साली निवर्तले. त्यांचा देह विलक्षण स्थूल होता, आणि भाविक त्यांचे वय अडीचशेहून अधिक वर्षांचे सांगतात! लाडवांचा भोक्ता हा दाखला सोडील कसा?

परंतु याच काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी ज्याचा गुरू मानला जातो, त्या सुश्रुताचे मत निराळे आहे. आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, दिवसा झोपणे, व्यायाम टाळणे यांनी मेद वाढतो. तो इतर धातूंच्या वाटा अडवितो. मग मनुष्य दिसावयास भरदार असूनही बळाने उणा राहतो आणि प्रमेहाचे फोड, विद्रधी, वातविकार यांपैकी एखाद्याने अकाली मरतो. त्याने सांगितलेल्या उपचारांत गुग्गुळ व शिलाजित आहेत, तसेच जव, मूग आणि व्यायामही आहेत. दोष त्याने आकाराला नव्हे, मेदाला दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कारण आकार फसवितो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, मेद मात्र यडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! सडपातळ भारतीयासही मधुमेह का गाठतो, याचे एक कारण येथे दिसते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर सावध करतात, मग वजनाचा काटा काहीही दाखवो.