गाडी का तापते? : हर्सूल, घाट आणि जुनी फियाट

हर्सूल ओलांडून सिल्लोड-अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की पुढे चौक्याचा घाट येतो. मे महिना, पारा चाळिशीपार, समोर भरलेला ट्रक. जुन्या फियाटची परीक्षा घ्यायला एवढं पुरेसं आहे.

आता थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिथली १०८९ सीसीची फियाट १९६४ मध्ये '११०० डिलाइट' झाली आणि पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने साधारण २००० पर्यंत बनत राहिली. इंजिनातली जुनी युक्ती मात्र पाण्याचीच.

पाण्याला पंपाविना वाहायला लावणं हर्सूलला नवीन नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच बाजूचं पाणी नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर, खडकीत (म्हणजे पुढच्या औरंगाबादेत) आणलं. फोर्डच्या मॉडेल टी मध्येही (१९०८) सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंप नव्हताच! गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली यायचं. इंजिनं तापट झाली तसा पंप आला, थर्मोस्टॅट आला, आणि दाबाचं झाकण आलं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, त्यामुळे इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने अर्धा बार दाब धरला की हाच आकडा ११० च्या आसपास जातो. म्हणजे ढिलं झाकण हाही एक आजारच.

तर मंडळी, गाडी तापणं हा रोग नाही, ती एरर मेसेज आहे. नुसतं पाणी ओतत राहणं म्हणजे मेसेज बंद करून कोड तसाच ठेवणं. मग डीबग कसं करायचं?

गाडी कधी तापते ते आधी बघा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापत असेल तर पंखा आणि फॅन बेल्ट तपासा. घाटात किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर तुंबलेला असू शकतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत बसतात, तो साफ करून घ्यावा लागतो. इंजिन तापलंय पण रेडिएटरकडचा होज गारच? मग थर्मोस्टॅट अडकलाय. (तो काढूनच टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण मग इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं.) ऑइल दुधाळ झालं, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट गेलं समजा. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं, तसंच पळवलं तर ते वाकतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

आणि हो, गरम असताना झाकण उघडू नका! आतलं पाणी वाफ होऊन अंगावर येतं. गाडी सावलीत लावा, अर्धा-पाऊण तास थांबा, मग कापड धरून उघडा. घाईत ओतलेलं थंड पाणी तापलेल्या इंजिनाला तडा देऊ शकतं.