लोणच्याची बरणी कुठून आली?

बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांत माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडे कुंभाराकडून आली. लोणच्याची बरणी मात्र तिथून कधीच आली नाही. ती दुकानातून आली, नाहीतर आजीकडून. वर तपकिरी, खाली पांढरट, तोंडाला दादरा बांधलेली ही बरणी इतकी घरची वाटते की ती मूळची पाहुणी आहे हे सांगूनही पटत नाही.

कारण भट्टीत आहे. कुंभाराचा आवा लाकूड-गोवऱ्यांवर साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापतो. एवढ्या आचेवर माती टणक होते, पण तिच्यात बारीक छिद्रे राहतात. माठातले पाणी त्या छिद्रांतून पाझरते, वाऱ्याने उडते, म्हणूनच ते गार राहते. माठाचा हा गुण लोणच्याच्या मुळावर येतो. खार झिरपून बाहेर वाळतो, मिठाचे स्फटिक धरतात आणि मडक्याचे पापुद्रे सुटू लागतात. तांब्या-पितळेचे तर विचारूच नका. कल्हई उडाली की आंबट कळकलेच. बरणीची मातीही वेगळी आणि आचही वेगळी. 1200 अंशांच्या आसपास ही माती अर्धवट वितळून दगडासारखी घट्ट होते आणि वर झिलईचा काचेसारखा थर बसतो. बरणी उलटी करून पाहा, बुडाला झिलई नसते. असती तर ती भट्टीतल्या फळीलाच चिकटून बसली असती.

अशी भांडी चीनमध्ये आणि आग्नेय आशियात शतकानुशतके होत होती. ब्रह्मदेशातल्या मार्तबान बंदरातून ती जहाजांवर चढत. हिंदी-उर्दूतला ‘मर्तबान’ हा शब्द त्या बंदराचाच. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याला पूर्वेकडच्या एका राज्यात चार मर्तबाने भेट मिळाली. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे होते, सगळे समुद्रप्रवासासाठी मिठात मुरवलेले. म्हणजे आपल्या आजीची बेगमी सहाशे-सातशे वर्षांपूर्वी बोटीवरही होती! गोव्यात बरणीला ‘बुयांव’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगिजांचा.

सोवळ्याचा प्रश्न मजेशीर आहे. मातीचे भांडे विटाळले की ते शुद्ध होत नाही, टाकूनच द्यावे लागते, असा जुना नियम. चिनी माती त्या नियमात बसत नव्हती आणि धातूतही मोडत नव्हती. कपबशीला कर्मठ घरांच्या स्वयंपाकघरात शिरायला बराच काळ लागला. बरणी मात्र सोवळ्यातल्या लोणच्यासकट फळीवर जाऊन बसली. शास्त्रापेक्षा कैरीची गरज मोठी ठरली, असे माझे मत.

बरणी आपल्या बाजूला होऊ लागली ती विसाव्या शतकात आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. सौराष्ट्रातल्या थानगढच्या मातीवर परशुराम गणपुले यांनी चिनी मातीच्या भांड्यांचा उद्योग उभारला. ‘परशुराम पॉटरी’ हे नाव थान-वांकानेर-मोरबी पट्ट्यात जुन्या लोकांच्या तोंडी असते. आज थान ओळखले जाते ते शौचालयाच्या भांड्यांसाठी आणि मोरबी टाइल्ससाठी. बरणीची जागा प्लॅस्टिकच्या डब्याने घेतली.

भट्टी पुन्हा घरगुती मापाची झाली ती आपल्या बडोद्यात. 1950 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. इरा चौधरींनी इथे राहून रोजच्या वापराची भांडी घडवली. शंखो चौधरींच्या विद्यार्थिनी ज्योत्स्ना भट्ट (1940-2020) यांनी 1972 पासून तीसेक वर्षे विद्यापीठात कुंभारकाम शिकवले. त्यांची मांजरे आणि बेडूक पाहून हसू येते. पण त्यांची झाकणाची भांडी नीट पाहा. झाकण बसवणे किती अवघड असते हे माती हाताळलेल्यालाच कळते, कारण सुकताना आणि भाजताना भांडे आणि झाकण दोन्ही आक्रसतात.

जुनी बरणी घरात असेल तर ती भंगारात देण्याआधी तपासा. मिठाचे पाणी भरून आठवडाभर कोरड्या कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला आणि बाहेर पांढरे फुटले नाही, तर यंदाच्या कैऱ्या तिच्यातच घाला. पांढरे फुटले, तर झिलईला तडे गेले आहेत. ती लोणच्याला नको. मग ती बागेत जाऊ द्या. मात्र आधी चार-पाच दिवस साध्या पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून मुरलेले मीठ काढून टाका, नाहीतर रोप जळेल. बुडाला भोक हवेच, कारण झिलईच्या भांड्यातून पाणी माठासारखे पाझरत नाही. गवती चहा किंवा पानओवा तिच्यात चांगला येतो.